समेला आणायला गेलेले आबा

एका माणसाला मी दिवसभर कशेडीच्या घाटात उन्हात बसवून ठेवलं आणि ज्या गाण्याची तो वर्षानुवर्षं वाट पाहत होता, ते गाणं त्याच वेळी महाडात, सावलीत, त्याच्याविना उरकून घेतलं. हे चुकून झालं नाही. मी विचार करून केलं. त्या विचाराला मी तेव्हा 'व्यवस्था' म्हणत होतो. मंडळाचा चिटणीस होतो, त्यामुळे शब्दांची टंचाई मला कधी पडली नाही.

तो माणूस म्हणजे माझे घरमालक. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणत असे, इथेही तेवढंच पुरे. त्यांची शेती पोलादपूरकडे, उमरठच्या वाटेवर. महाडात एक कौलारू घर होतं, त्याच्या पुढच्या दोन खोल्या माझ्याकडे. मी शाळेत मराठी आणि भूगोल शिकवायचो. भूगोलाचा उल्लेख मुद्दाम करतो. कुठला रस्ता कुठून येऊन कुठे मिळतो हे मला नीट ठाऊक होतं, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

भाडं मागायला आबा कधी आले नाहीत, ते काम काकींचं. आबा यायचे ते उंबऱ्यात उभं राहून विचारायला, "मास्तर, ह्या म्हयन्यात काय ऐकलं?"

नवा होतो तेव्हा एकदा मी सरळ सांगितलं, "काही नाही ऐकलं."

आबांचा चेहरा उतरला. ते आत गेले आणि थोड्या वेळाने काकी पेजेचं पातेलं घेऊन आल्या. "बरं नाय म्हणे तुमाला," त्या म्हणाल्या. त्यानंतर मी नेहमी काहीतरी ऐकलेलं असायचो.

लोकांचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, आबांचं दसऱ्याला होई. पावसाळ्यात त्यांच्या मते माणूस बहिरा असतो, कौलं वाजत असतात. उन्हाळ्यात त्याचं डोकं चालत नाही. ऐकण्याबघण्याचे दिवस म्हणजे आश्विन आणि कार्तिक. सावित्रीचं पाणी निवळलेलं, रस्ते वाळलेले, आणि ऊन असं की लांबच्या डोंगरावरचं झाडन् झाड वेगळं दिसावं. अडचण एवढीच की भातकापणीही नेमकी याच दिवसांत येते.

"भात पिकून आडवं व्हायला लागलंय, नि ह्ये चालले दासगावला भजन ऐकायला," काकी मला साक्षीला धरत. "मास्तर, तुमीच इचारा ह्यांना, भात काय भैरवी म्हणत कापायचं?"

"अगो, भात कुठं पळून जातंय?" आबा कोट चढवत म्हणायचे. "पळतं ते गाणं."

"तुमी पळताव. गाणं जाग्यावरच असतं."

काकींचं बरोबर होतं, पण आबा तोवर आळीच्या टोकाला गेलेले असत. त्यांच्या मागे आम्ही तिघं. एक मी, दुसरा तबला वाजवणारा एक शिंपी, ज्याला आबा 'टेलर' म्हणत, आणि तिसरा सरकारी दवाखान्यातला कंपौंडर, जो काहीच वाजवत नसे पण सगळ्यांच्या घशाची काळजी घेत असे. या चौघांचं मिळून आमचं मंडळ. अध्यक्ष अर्थातच आबा. ते मंडळाला भात देत, सहलींना तवशी, म्हणजे मोठ्या गावठी काकड्या, आणि भाकऱ्या देत, आणि सभा मात्र कधीच भरू देत नसत. "सभेत बोलतात," ते म्हणायचे. "आपलं काम ऐकायचं."

आबांचं ऐकणं आणि बघणं दोन्ही वाकडं होतं. एकदा एक नाटक कंपनी महाडात उतरली होती. तिचा रंगवलेला राजवाड्याचा पडदा बघायला सगळा गाव लोटला. आबा मॅनेजरला गाठून पडद्याच्या मागे गेले आणि बराच वेळ त्या मळकट कापडाची पाठ न्याहाळत उभे राहिले. मॅनेजरला वाटलं, म्हातारा कापडाचा व्यापारी असावा.

"काय पाहिलंत?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"खांब सगळे पुसून पुसून काढलेत. रंग थराथरानं झिरपलाय," आबा म्हणाले. "जिना मात्र एका झटक्यात. त्याला जिना येत होता, खांब येत नव्हते."

गांधारपाल्याच्या लेण्यांत ते टेलरला आत बसवून गायला लावायचे आणि स्वतः बाहेर उन्हात जाऊन बसायचे. आत बसलं तर टेलरच ऐकू येतो, बाहेर बसलं तर डोंगर ऐकू येतो, असं त्यांचं म्हणणं. टेलरला हे फारसं आवडत नसे. "डोंगर बरा गातो काय रे?" असं तो आम्हाला विचारायचा.

इथवर सगळं गोड होतं. त्रास होता तो आबांच्या उजव्या हाताचा.

गाणं सुरू झालं की आबा पुढच्या रांगेत मांडी ठोकून बसत आणि ताल धरत. सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जिथे गाणारा, वाजवणारा आणि ऐकणारा सगळे एकत्र येतात, जिथे मान आपोआप हलते. आबांची थाप त्या जागेच्या जरा अलीकडेच पडायची. फार नाही, जरासंच. पण रोज, हटकून, आणि मोठ्याने. मांडीवर पडलेली ती थाप ऐकून भजनातले झांजवाले गोंधळत, पेटीवाला डोळे वटारत असे.

"आबा, सम येऊ दे की हो," एकदा टेलर काकुळतीला येऊन म्हणाला.

"येऊ दे म्हंजे?" आबा म्हणाले. "पाव्हणा आला तर घरात बसून ऱ्हातोस का रे? वेशीवर जाऊन आणतोस ना? मग सम काय वाटेवर पडलीय? आपण चार पावलं फुडं जाऊन तिला आणायची."

टेलरने माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. ते वाक्य मी लक्षात ठेवलं. पुढे त्याचा मी काय उपयोग केला ते आता सांगतो.

देशावरचे एक नामांकित गवई होते. आम्ही त्यांना नुसतं बुवा म्हणायचो, जणू काही ते आमच्या ओळखीचे असावेत. आबांना त्यांचं गाणं ऐकायचं होतं. फार पूर्वी ते पायीपायी घाट चढून वाईला त्यांच्यासाठी गेले होते आणि पोचले तेव्हा भैरवी चालू होती. "लोकांचा हत्ती जातो नि शेपूट ऱ्हातं," ते सांगत. "माझं शेपूट बघून झालंय. हत्ती ऱ्हायलाय." दर दसऱ्याला आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवताना ते तेवढंच विचारायचे, "मास्तर, हत्तीचं काय?"

शेवटी मी हत्तीचं जमवलं. बुवा महाबळेश्वरला कुणाकडे तरी मुक्कामाला येणार होते. तिथून मोटारीने घाट उतरून पोलादपूर, पोलादपूरहून महाड, दुपारी आमच्या शाळेत गाणं, आणि संध्याकाळी मुंबईकडे. मी सगळी तयारी केली. पोलादपूरच्या नाक्यावर, जिथे महाबळेश्वरचा रस्ता येऊन मिळतो, तिथल्या चहावाल्याला आठवडाभर आधीच बजावून ठेवलं, की बुवांची मोटार थांबली की चहा तयार हवा, आलं जास्त, साखर कमी. अशा बाबतीत मी फार दक्ष होतो.

त्याच दिवसांत बुवांचा पेटीवाला कामानिमित्त महाडात येऊन गेला. जाताना तो म्हणाला, "पुढच्या रांगेत माणसं जपून बसवा. खेडला एकाने चुकीचा ताल धरला, तर बुवा अर्ध्यावर उठून गेले."

मी घरी आलो तर आबा पायरीवर कोटाला बटणं लावत बसले होते. गाण्याला अजून बरेच दिवस होते, पण कोट तयार होता.

त्या आठवड्यात मी नीट झोपलो नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. चांगला झोपलो. गाण्याच्या आदल्या दिवशी मी आबांकडे गेलो आणि म्हणालो, "आबा, बुवा चिपळूणकडून येतायत. त्यांना वेशीवर जाऊन आणायला हवं. कशेडीला. अध्यक्षच गेले तर शोभेल."

आबा उठून उभे राहिले. त्यांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. "कशेडीला!" ते म्हणाले. "म्हंजे जिल्ह्याच्या वेशीवरच की! मास्तर, तुमाला सुचलं बरं."

"तुमचंच वाक्य आहे," मी म्हणालो. आणि ते खरं होतं. त्या संभाषणातलं तेवढंच खरं होतं.

मी मनाची समजूत घातली होती की मोटार आली नाही तर आबा कंटाळून दुपारी परततील, निदान उत्तरार्ध तरी त्यांना मिळेल. कोणाची वाट पाहताना कंटाळणाऱ्यांतले ते नव्हते, हेही मला ठाऊक होतं.

सकाळी ते निघाले. अंगात कोट, हातात झेंडूचा हार, पिशवीत नारळ आणि एक भलंमोठं तवसं. "गवयाच्या घशाला गार," ते म्हणाले. खेडकडे जाणाऱ्या एका ट्रकात ड्रायव्हरशेजारी बसून ते गेले. काकी दारात उभ्या होत्या. "आज तरी कामाला गेले," त्या म्हणाल्या.

गाणं झालं. कसं झालं तेही सांगायला हवं, कारण त्यासाठीच मी हे सगळं केलं होतं. पुढच्या रांगेत मी निवडलेली माणसं होती. वकील, डॉक्टर, मुख्याध्यापक. त्यांनी ताल धरला नाही. त्यांनी काहीच धरलं नाही. हात मांडीवर ठेवून, तोंडं सरळ करून ती माणसं परीक्षेला बसल्यासारखी बसून राहिली. एक फार सुंदर जागा घेऊन बुवा थांबले, सभागृहावरून त्यांनी नजर फिरवली, आणि तंबोरा जुळवत म्हणाले, "महाडकर फार शहाणे श्रोते दिसतात."

मुख्याध्यापकांनी मान झुकवून आभार मानले.

बुवांनी लवकर आवरतं घेतलं. मोटारीत सामान चढवताना मी पेटीवाल्याला म्हणालो, "नशीब, खेडसारखं काही झालं नाही."

"खेडचं काय सांगता," तो हसला. "तो ताल धरणारा बुवांचा सख्खा साडू. त्यांचं भांडण वेगळंच होतं. ताल आपला निमित्ताला."

आबा संध्याकाळी परतले. उन्हाने चेहरा तांब्यासारखा झालेला, हार सुकलेला. मी पायरीवर उभा होतो. बोलायचं वाक्य मी तयार ठेवलं होतं. "आबा, बुवांनी आयत्या वेळी वाट बदलली. तुम्हाला कळवायला वेळच मिळाला नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "असं व्हय," ते म्हणाले. मग त्यांनी तो हार माझ्या दाराच्या चौकटीला अडकवला. "गवयाला घालायचा होता. आता तुमच्या दाराला ऱ्हाऊ दे. कार्यक्रम तुमी केलात."

तो हार तिथे पुढचा पावसाळा येईपर्यंत लटकत होता. काढायचं धाडस मला झालं नाही, आणि जाता-येता त्याची वाळलेली फुलं माझ्या डोक्यावर पडत राहिली.

"मी बी ऐकलं," आबा ओसरीवर बसत म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

घाटात एक ट्रक तापून थांबला होता. पंजाबकडचा ड्रायव्हर सावलीत झोपला आणि क्लीनर बोनेट उघडून कठड्यावर बसला. इंजीन थंड व्हायला लागलं की त्यातून टकटक आवाज येतो. त्या टकटकीवर तो क्लीनर त्याच्या भाषेत काहीतरी गायला लागला. खालच्या उतारावर भात कापणाऱ्या बायका गात होत्या, त्यांचा आवाज वारा येईल तसा वर येत होता.

"मास्तर, इंजीन थंड होईल तसा ठेका सावकाश होतो," आबा म्हणाले. "सम लांब लांब जायला लागली. मी आणायला फुडं जातोय, नि ती आपली मागंच. ऐकलं नाय कधी असं. तवसं मग आमीच खाल्लं."

काकींनी आतून विचारलं, "हत्ती बघितलात का शेवटी?"

"हत्ती दुसऱ्या वाटेनं गेला," आबा म्हणाले.

पुढे काही वर्षांत बुवांचा गळा गेला. त्यांनी गाणं सोडलं. आबांचा हत्ती कायमचा राहिला.

आणि मला शिक्षा झाली ती अशी. दुसऱ्या वर्षी दसरा झाल्यावर आबांनी जाहीर केलं, की यंदाची सहल कशेडीला. त्याच्या पुढच्या वर्षीही कशेडीला. मग मंडळाचा तो नियमच झाला. पोलादपूरपर्यंत एस.टी., तिथून मिळेल तो ट्रक, आणि घाटातल्या त्याच कठड्यावर रांगेने बसायचं. खाली पिवळं भात, वर घिरट्या घालणारी घार, चढाला कण्हणाऱ्या गाड्या. आबा तवसं चिरत. पहिली फोड नेहमी माझ्या हातात.

"मास्तरांची कृपा," नवीन कोणी सोबत असलं की ते सांगत. "त्यांनी मला हितं धाडलं म्हणून ही जागा गावली. न्हायतर मी आपला शाळेत बसलो असतो चार भिंतींत."

टेलरला सगळं ठाऊक होतं. तो खाली मान घालून मीठ लावत बसायचा. कंपौंडरला काहीच ठाऊक नव्हतं. तो एकदा भारावून म्हणाला, "मास्तर, तुमच्यात एक दृष्टी आहे." ती फोड गिळायला मला पाणी लागलं.

मी दरवर्षी ठरवायचो, आज सांगायचं. मग वाटायचं, आबा इतके खूश आहेत, सांगून त्यांचा आनंद का घालवावा? भित्र्या माणसाला दुसऱ्याच्या आनंदाची फार काळजी असते.

मग टेलर मुंबईला गेला, एका मोठ्या दुकानात कटर म्हणून. कंपौंडरची बदली झाली. माझे स्वतःचे केस पिकायला लागले, आबांच्या हातात काठी आली. एका वर्षी सहलीला आम्ही दोघंच उरलो. त्या पावसाळ्यात घाटात दरड कोसळली होती, कठड्याचा एक तुकडा दरीत गेला होता. आमची जागा तेवढी वाचली होती. आबांनी तवसं चिरलं आणि पहिली फोड माझ्यापुढे धरली.

मी घेतली नाही.

"आबा," मी म्हणालो, "त्या दिवशी बुवा महाबळेश्वरच्या वाटेने येणार, हे मला आधीपासून ठाऊक होतं."

आबांनी फोड स्वतःच्या तोंडात टाकली. सावकाश खाल्ली. "मला बी ठाऊक हाय," ते म्हणाले.

"केव्हापासून?"

"त्याच दिवसापासून. दुपारी एक ट्रकवाला पोलादपुराकडून वर आला. म्हणाला, आबा, तुमचा गवई मघाशीच घाट उतरून महाडाला गेला. चला माझ्यासंगं, फुडं वळून तुमाला सोडतो, शेवट तरी गावंल. म्हटलं, नको. शेपूट माझं बघून झालंय." त्यांनी सुरी कोटाला पुसली. "येताना नाक्यावर चहाला थांबलो. चहावाला म्हणाला, आबा, मास्तरांनी आठवडाभर आधी सांगून ठेवला होता, गवयानं अर्धाच घेतला, उरलेला तुमी घ्या. आलं जास्त, साखर कमी. मी तोच प्यालो. चांगला होता."

खाली कुठेतरी बायका भात कापता कापता हसत होत्या.

"मग इतकी वर्षं मला इथे आणून आभार का मानत होतात?"

"तुमी बोलाल म्हणून आणत होतो," आबा म्हणाले. "पयल्या वर्षी वाटलं, आज बोलतील. दुसऱ्या वर्षी वाटलं, आज तरी. तुमी काय बोलेनात. मग मला जागाच आवडायला लागली."

एक ट्रक चढावर आला, गिअर बदलून पुढे निघून गेला.

"तुमाला माझ्या हाताची लाज वाटत होती ना?" आबांनी विचारलं. रागाने नाही. पडद्याची पाठ बघताना त्यांचा असायचा तसाच तो आवाज होता.

"हो," मी म्हणालो.

"टेलरला बी वाटायची. पण तो तोंडावर बोलायचा." त्यांनी काठी कठड्याला टेकवून ठेवली आणि उजवा हात मोकळा केला. "मग म्हणायचं ते म्हणून टाका की आता. वेशीपर्यंत आलाय, आत या."

मी उठून त्यांच्यासमोर उभा राहिलो. इतकी वर्षं मनात घोळवलेली, व्याकरणशुद्ध, चिटणिसाला शोभणारी सगळी वाक्यं मी विसरलो होतो.

"आबा, मी तुम्हाला मुद्दाम इथे पाठवलं. तुमचा हत्ती मी घालवला. माझं चुकलं. मला माफ..."

'करा' म्हणायचं अजून बाकी होतं, तेवढ्यात कठड्यावर त्यांची थाप पडली.